ट्रॅक्टरचा फॅन बेल्ट : बदलणे आणि ताणणे

रेडिएटरच्या मागे, इंजिनाच्या तोंडाशी तीन पुल्यांवरून त्रिकोणात फिरणारा रबरी पट्टा म्हणजे फॅन बेल्ट. खालची पुली क्रँकशाफ्टची. तिच्या जोरावर पट्टा पंखा आणि वॉटर पंप फिरवतो, शिवाय बाजूचा अल्टरनेटरही. या अल्टरनेटरला गावोगावी अजून डायनामोच म्हणतात. म्हणजे इंजिन थंड राखणे आणि बॅटरी चार्ज करणे ही दोन्ही कामे बहुतेक ट्रॅक्टरांत या एकाच पट्ट्यावर अवलंबून असतात.

बीड जिल्ह्यात या पट्ट्याची परीक्षा दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, आष्टी, शिरूर कासार या भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, सरपण, लेकरेबाळे असा सगळा संसार असतो. धारूर–तेलगाव रस्त्यावरच्या अरुंद घाटात पट्टा तुटला, तर वॉटर पंप थांबतो, पाण्याचा काटा काही मिनिटांत लाल पट्ट्यात जातो आणि तरीही इंजिन चालवत राहिले तर हेड गॅस्केट जाते. पण याहून मोठा धोका रात्रीचा आहे. डायनामो बंद पडला की बॅटरी उतरत जाते, ट्रॉलीचे मागचे दिवे मंदावतात आणि मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला माणसांनी भरलेली ट्रॉली वेळेत दिसत नाही. म्हणून टोळी निघण्याच्या आठ-दहा दिवस आधी, घरच्या अंगणात, दिवसाउजेडी हे काम उरकणे केव्हाही शहाणपणाचे.

ट्रॅक्टरवर बहुधा व्ही आकाराचा पट्टा असतो. अमेरिकेत जॉन गेट्स यांनी 1917 मध्ये रबराचा असा पट्टा पुढे आणला. त्याची पकड असते ती दोन्ही तिरप्या कडांची. पट्ट्याचा तळ खाचेच्या तळाला टेकायचाच नसतो. पट्टा झिजून खाली बसला की तळ घासू लागतो, कडांची पकड जाते आणि कितीही ताणला तरी तो घसरतो. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा झिजला आहे किंवा पुलीच खचली आहे. पुली खचलेली असेल तर नवा पट्टा घालूनही उपयोग नाही.

जुना पट्टा तपासताना तो उलटा पिळून आतली बाजू पाहावी. आडव्या चिरा, सुटलेले धागे, काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या कडा किंवा ऑइलने फुगलेले रबर यांपैकी काहीही दिसले तर पट्टा बदलावा. इंजिन चालू करताना किंवा रेस देताना येणारी शिट्टी आणि न विझणारा चार्जिंगचा लाल दिवा ही ढिल्या पट्ट्याची नेहमीची लक्षणे. शिट्टी थांबवण्यासाठी पट्ट्याला साबण, मेण किंवा ऑइल लावण्याची सवय मात्र घातक आहे. आवाज काही वेळ दबतो आणि पट्टा आणखी लवकर खराब होतो.

कामापूर्वी इंजिन पूर्ण थंड असावे, किल्ली काढलेली असावी आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवलेली असावी. इंजिन चालू ठेवून ताण पाहणे म्हणजे बोटे गमावणे. उपरणे किंवा पदर तर पंख्याच्या आसपासही नको. डायनामो खाली एका लांब बोल्टवर झुलतो आणि वर खाच असलेल्या पट्टीला आवळलेला असतो. हे दोन्ही बोल्ट पान्याने सैल केले की डायनामो इंजिनाकडे ढकलता येतो आणि पट्टा ढिला पडतो. मग तो पंख्याच्या एकेका पात्यावरून ओढत बाहेर काढावा. पट्टा निघाला की लगेच पंखा आणि डायनामो हाताने फिरवून पाहावेत. खरखर किंवा हेलकावा जाणवला तर बेअरिंग गेले आहे. वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाणी ठिबकत असेल तर आतले सील गेले आहे. ही दुरुस्ती आधी, पट्टा नंतर.

नवा पट्टा जुन्यावर छापलेल्या नंबरानेच घ्यावा. जुना पट्टा ताणलेला असतो, त्यामुळे त्याच्या मापाने नवा मोजला तर फसगत होते. पट्टा हातानेच पुलीवर चढला पाहिजे. स्क्रूड्रायव्हर घालून जबरदस्तीने चढवला तर ताण सोसणारे आतले दोरे तुटतात. बाहेरून काही दिसत नाही आणि पट्टा थोड्याच दिवसांत जातो.

सगळ्यात जास्त चुका ताण देताना होतात. टॉमी किंवा लाकडी दांडा डायनामोच्या भक्कम भागाला टेकवून तो बाहेर रेटावा. अॅल्युमिनियमच्या पातळ कवचावर जोर दिला तर ते तडकते. ताण धरून ठेवूनच आधी पट्टीचा बोल्ट आवळावा, मग खालचा. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठ्याने सुमारे 10 किलोचा दाब दिला की पट्टा साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. 'घट्ट तेवढा चांगला' हा समज चुकीचा आहे. ढिला पट्टा घसरून तापतो, पण अतिघट्ट पट्टा वॉटर पंप आणि डायनामोची बेअरिंगे खातो, आणि तो खर्च पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट असतो.

नवा पट्टा खाचेत बसताना थोडा ढिला होतोच. म्हणून इंजिन पंधरा-वीस मिनिटे चालवून, बंद करून ताण पुन्हा पाहावा आणि सुमारे 10 तासांच्या कामानंतर आणखी एकदा. गावातून निघण्याच्या आदल्या रात्री बदललेला पट्टा नेमका ही दुसरी तपासणी न होताच रस्त्याला लागतो.

अलीकडच्या जीप आणि मोटारींत अनेक बारीक उभ्या खाचांचा रुंद पट्टा असतो. त्यावर 6पीके1200 असे काही छापलेले असते : सहा धारा आणि 1200 मिलिमीटर लांबी. तिथे बहुधा स्प्रिंगचा टेन्शनर ताण आपोआप राखतो. पान्याने तो फिरवला की पट्टा सुटतो. मात्र काढण्यापूर्वी पट्ट्याच्या वाटेचे चित्र कागदावर काढून ठेवावे. टायमिंग बेल्ट हे निराळेच प्रकरण. इंजिनाच्या कव्हराआड असलेला तो पट्टा एका दातानेही चुकला तर व्हॉल्व्हची वेळ बिघडते, काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ते काम मेकॅनिककडेच द्यावे.

काढलेला पट्टा चिरा नसलेला असेल तर अडीनडीला उपयोगी पडतो. पण दूरच्या फडावर जाताना त्याच नंबराचा एक नवा पट्टा, न दुमडता, सैल वेटोळे करून, डिझेल आणि उन्हापासून दूर पेटीत ठेवावा. सोबत डायनामोच्या दोन बोल्टांच्या मापाचे पाने आणि एक टॉर्च.