इंजिन खोलण्याआधी

माझे थोरले बंधू, आमचे भाईजान, साताऱ्याकडची भाजी पुण्याला पोचवणारा एक जुना डिझेल टेम्पो चालवत. गोष्ट १९९२ सालची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि सुट्टीत त्यांच्याबरोबर केबिनमध्ये बसून जायचो. त्या हिवाळ्यात टेम्पोने दोन खोड्या सुरू केल्या. पहाटे स्टार्टर मारून मारून बॅटरी बसायची, तेव्हा कुठे इंजिन सुरू व्हायचं. आणि भरल्या गाडीने खंबाटकीचा घाट चढताना ते मध्येच दम सोडायचं. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात उशिरा पोचलेल्या भाजीला भाव मिळत नाही. शेतकऱ्यांची बोलणी भाईजानना खावी लागायची.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने निदान केलं, "इंजिन उतरलंय. बोअर, पिस्टन, रिंगा, सगळंच करावं लागेल." भाभींच्या बांगड्या गहाण पडल्या. आठ दिवसांनी इंजिन बांधून आलं. नवव्या दिवशी पहाटे पुन्हा तेच!

चूक कुठे झाली हे कळायला डिझेल इंजिन चालतं कसं ते आधी पाहू. पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीत जे इंजिन यशस्वी करून दाखवलं, त्यात ठिणगीच नव्हती. पिस्टनने सिलिंडरमधली हवा जोरात दाबायची. आजच्या इंजिनांत ती साधारण पंधरा ते वीस पट दाबली जाते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक तापतं, तो अनुभव आपल्याला आहेच. इथे हवा पाचशे अंश सेल्सियसच्या वर तापते. तिच्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो.

म्हणजे गरजा तीनच. पुरेशी हवा, वेळेवर आणि नीट फवारलेलं डिझेल, आणि पुरता दाब. यांतलं काय बिनसलं आहे, याचा पहिला सुगावा धूर देतो.

धूर काळा असेल तर डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आहे. एअर फिल्टर चोंदला असेल, टर्बोचा पाइप फाटला असेल किंवा नोझल फवारा सोडण्याऐवजी थेंब टाकत असेल. धूर निळसर असेल तर इंजिनात ऑइल जळतं आहे. रिंगा, व्हॉल्व्हची सील किंवा टर्बो तपासायला हवा. पांढरा धूर म्हणजे एक तर न जळलेलं डिझेल, नाही तर पाण्याची वाफ. थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर घाबरू नये. पण इंजिन तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा संशय घ्यावा. मात्र तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये.

आणि धूरच नसेल तर?

भाईजान शेवटी डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेले. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी पान्याला हात लावला नाही. त्यांनी विचारलं, "सकाळी स्टार्टर मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का?" भाईजान माझ्याकडे पाहू लागले. ते चावी फिरवत तेव्हा मी मागे उभा असायचो. मी म्हणालो, "नाही. अजिबात नाही."

"मग दाबाचं काय घेऊन बसलात? दाब कमी असता तर न जळलेलं डिझेल पांढरा धूर होऊन बाहेर आलं असतं. इथं डिझेल पोचतच नाही."

त्यांनी टाकीकडून पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीच्या जागी पारदर्शक नळीचा तुकडा लावला. टाकीच्या बाजूच्या जुन्या नळ्या एकेक हलवून पाहताना एका ठिकाणी बोट टेकताच पारदर्शक तुकड्यातून बुडबुड्यांची माळ धावू लागली. तिथे नळीला केसाएवढी चीर होती. या भागात पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे चिरेतून थेंबही बाहेर पडत नाही. उलट बाहेरची हवा आत शिरते. रात्री गाडी उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं, म्हणून पहाटेचा त्रास. घाटात इंजिन जास्त डिझेल मागतं, म्हणून तिथला दम. अण्णांनी नळीचे आणि एअर काढण्याच्या मजुरीचे पैसे घेतले. बस्स.

धूर येत नाही हे मी रोज पाहत होतो. कुणी विचारलं नाही, आणि ते सांगण्यासारखं आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या अज्ञानाची किंमत भाभींच्या हातांनी मोजली.

आजची डिझेल इंजिनं फार वेगळी आहेत. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतर गाडीत काजळी अडवणारे फिल्टर आले, सेन्सर वाढले. डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजार पटींहून अधिक असतो. म्हणून गळती हाताने चाचपू नये, ती धार कातडीत घुसते. मिस्त्री आता स्कॅनर लावतो आणि पडद्यावर कोड उमटतो. पण कोड म्हणजे लक्षण, निदान नव्हे. 'पी ००८७' या कोडचा अर्थ एवढाच, की रेलमधला डिझेलचा दाब कमी आहे. तो महागड्या पंपामुळे असेल, किंवा चोंदलेल्या डिझेल फिल्टरमुळे, किंवा आमच्यासारख्या चिरलेल्या नळीमुळेही! कोड वाचून थेट पंप बदलणं म्हणजे पुन्हा आमचंच इंजिन खोलणं.

म्हणून गाडी गॅरेजला नेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम? चढावर की सपाटीवर? धुराचा रंग कोणता, की धूरच नाही? त्याआधी गाडीत काय काम झालं होतं, डिझेल कुठे भरलं होतं? मग तपासणी स्वस्तातून महागाकडे जाऊ द्या. आधी फिल्टर, नळ्या, जोड. मग नोझल, पंप. आणि दाब मापकाने मोजल्याशिवाय इंजिन खोलू देऊ नका.

बांगड्या सोडवायला दोन वर्षं लागली. ती चिरलेली नळी मात्र भाईजाननी टेम्पो विकेपर्यंत डॅशबोर्डच्या कप्प्यात जपून ठेवली होती.