‘हा काय दिवे लावणार!’

सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीत २००९ साली जिल्हा परिषदेची शाळा होती, पण तिला शाळा म्हणायला धाडस लागलं असतं. एका बाजूला गुरांचा गोठा, दुसऱ्या बाजूला सामानाची खोली आणि मधे पडायला आलेली इमारत. त्या वर्षी तिथे रणजितसिंह डिसले नावाचे तरुण शिक्षक रुजू झाले. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून, वडिलांच्या सांगण्यावरून डी. एड. केलेले. गावात मुलींची लग्नं लवकर उरकायची रीत होती. अशा ठिकाणी पोरीला शिकवण्यावर कोण कशाला वेळ घालवणार?

३ डिसेंबर २०२० रोजी लंडनहून घोषणा झाली, की वार्की फाउंडेशनचं दहा लाख डॉलरचं ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ याच शाळेच्या डिसले गुरुजींना मिळालं आहे. १४० हून अधिक देशांतून बारा हजारांवर नावं आली होती. गुरुजींनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, ही बातमी बक्षिसापेक्षाही जास्त चर्चेत राहिली.

‘सकारात्मक विचारांची ताकद’ असं म्हणून ही गोष्ट भाषणात सांगितली जाते आणि टाळ्याही पडतात. पण त्या वर्गात नेमकं घडलं काय, हे पाहिलं तर गोष्ट जास्त मजेची आहे. मुलं शाळेत टिकावीत म्हणून गुरुजींनी लॅपटॉप आणला आणि त्यावर गाणी, चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पुढे पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आले. मोबाइल त्यावर धरला की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. राज्याच्या आणि नंतर एनसीईआरटीच्या पुस्तकांतही हे कोड छापले जाऊ लागले. ‘अलार्म ऑन, टीव्ही ऑफ’ या उपक्रमात संध्याकाळी गजर झाला की घराघरांतला टीव्ही बंद करून आईवडिलांनी मुलांजवळ अभ्यासाला बसायचं. ही मुलं शिकतील, असं नुसतं वाटणं वेगळं. ती शिकणारच, असं धरून चालणारा माणूस साधनं जमवतो, वेळ देतो आणि पालकांच्या मागे लागतो. फरक पडतो तो इथे.

मानसशास्त्रात याच मुद्द्यावरचा एक गाजलेला प्रयोग आहे. हार्वर्डचे रॉबर्ट रोझेन्थाल आणि मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्राथमिक शाळेत मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली. मग शिक्षकांना काही नावं दिली आणि सांगितलं, की ही मुलं यंदा झेप घेणार आहेत. वास्तविक ती नावं, साधारण पाचातलं एक, निव्वळ चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली होती. वर्षाअखेरीस पुन्हा चाचणी झाली, तेव्हा पहिली-दुसरीतल्या या मुलांचे गुण वर्गातल्या इतरांपेक्षा बरेच जास्त वाढलेले दिसले. वरच्या वर्गांत मात्र फारसा फरक नव्हता. १९६८ मध्ये यावरचं पुस्तक आलं आणि त्याबरोबर भांडणंही आली.

शिक्षकांनी या मुलांना चोरून खाऊ दिला नव्हता. मग अपेक्षा पोहोचते कशी? याचा एक धागा संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणांत सापडतो. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं त्यांनी मोजून दाखवलं. त्यातही हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी ते जवळपास दुप्पट थांबत. म्हणजे ज्याला विचार करायला वेळ हवा, त्यालाच तो कमी मिळतो. वर्षभरात असे किती प्रश्न येतात! ‘ढ’ पोराला कुणी मारलेलं नसतं, की हिणवलेलंही नसतं. त्याच्याकडून प्रश्न फक्त पटकन पुढच्याकडे सरकतो. एवढ्याने ते पोर आपली जागा ओळखून बसतं.

रोझेन्थाल-जेकबसन यांच्या प्रयोगावर आक्षेप आले आणि ते रास्तही होते. नंतरच्या अभ्यासांचा आढावा घेता शिक्षकांच्या अपेक्षेचा परिणाम खरा, पण सरासरीने छोटाच असल्याचं दिसलं. मूल मुळात जसं असतं, तशीच शिक्षकांची अपेक्षा बहुतेक वेळा असते. परंतु ज्या मुलांना समाजाने आधीच बाद ठरवलेलं असतं, त्यांच्या बाबतीत हा परिणाम मोठा असू शकतो, असंही त्याच आढाव्यातून पुढे आलं. परितेवाडीसारख्या वाडीवर म्हणूनच याचं मोल अधिक.

स्वतःकडून ठेवायच्या अपेक्षेचं काय? मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल एटिंगेन यांनी १९९१ मध्ये वजन कमी करू पाहणाऱ्या पंचवीस स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मला हे जमेल’ असा विश्वास असलेल्यांचं वजन वर्षभरात जास्त उतरलं. पण बारीक झालेल्या स्वतःची गोड चित्रं रंगवण्यात रमणाऱ्यांचं कमी उतरलं. बाजारातली ‘मनात आणा, मिळेल’ छापाची पुस्तकं हा भेद सोयीस्करपणे गाळतात.

‘मला हे जमेल’ अशा विश्वासाचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातच आहे. बार्शी तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप. पायाला पोलिओ आणि बांगड्या विकून घर चालवणारी आई. त्यांनी आधी लवकर नोकरी मिळेल असा डी. एड.चा रस्ता धरला, शिक्षक झाले आणि मग स्पर्धा परीक्षेकडे वळले. यूपीएससीच्या पहिल्या प्रयत्नात अपयश आलं. २०१२ मध्ये ते आयएएस झाले. स्वप्न मोठं होतं, पण पहिली पायरी हाताशी येईल अशी निवडली होती.

मात्र ज्यांनी इतकीच जिद्द धरली आणि यादीत नाव आलं नाही, अशांची संख्या मोठी आहे. या परीक्षेला लाखो अर्ज येतात, जागा हजाराच्या आसपास. त्या मुलांचा दृष्टिकोन कमी पडला, असं म्हणणं हा शुद्ध अन्याय होईल. अपेक्षेने दार किलकिलं होतं. आत किती खुर्च्या आहेत, ते अपेक्षा ठरवत नाही.

पालकसभेत आपण गुरुजींना ‘आमच्या पोराला किती मार्क पडतील?’ असं विचारतो. पुढच्या खेपेला निराळं विचारून पाहा: गेल्या आठवड्यात त्याला वर्गात किती वेळा प्रश्न विचारला आणि उत्तरासाठी किती वेळ दिला? घरी आपण स्वतः किती थांबतो, तेही त्याच दिवशी मोजावं.