बर्फाचं वय, विवरांचा हिशेब

गुरूच्या कॅलिस्टो आणि युरोपा या दोन चंद्रांची छायाचित्रं शेजारी ठेवली, तर दोघं एकाच घरातले वाटत नाहीत. कॅलिस्टोवर आघाती विवरांची नुसती दाटी. युरोपावर मात्र दहा किलोमीटरहून मोठी विवरं चटकन मोजून होतात. जन्म दोघांचाही सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीचा. तरी कॅलिस्टोचा पृष्ठभाग जवळपास चार अब्ज वर्षं जुना, तर युरोपाचा जेमतेम चार ते नऊ कोटी वर्षांचा.

हा फरक कशामुळे? गुरूभोवती गॅनिमीड या चंद्राची एक प्रदक्षिणा होते, तेवढ्यात युरोपाच्या दोन आणि आयो या चंद्राच्या चार होतात. या तालामुळे युरोपाची कक्षा थोडी लंबगोलच राहते आणि गुरू त्याला कणकेसारखा मळत राहतो. आत उष्णता तयार होते, वरचं बर्फाचं कवच तडकतं, सरकतं, जुन्या खुणा बुजतात. कॅलिस्टो या तालाबाहेर आहे.

विवरं जास्त तर पृष्ठभाग जुना, हे तत्त्व सोपं. खरी मेख आघातांच्या दरात आहे. आपल्या चंद्रावरून अपोलो मोहिमांनी दगड आणले, त्यांचं वय प्रयोगशाळेत काढून विवरांच्या संख्येशी ताडून पाहता आलं. गुरूच्या चंद्रांवरून अजून एक खडाही आलेला नाही. तिथे आदळतात ते मुख्यतः धूमकेतू, आणि ते किती काळाने आदळतात हा अंदाजच. ‘चार ते नऊ’ एवढी ऐसपैस मर्यादा त्यातूनच येते.

शिवाय छोटी विवरं फसवतात. युरोपावरचं प्विल हे विवर सुमारे २६ किलोमीटर रुंद, पण त्यातून उडालेला बर्फ शेकडो किलोमीटरवर जाऊन पडला. अशी ढेकळं कोसळून नवी विवरं होतात. २००५ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार युरोपावरची सुमारे ९५ टक्के छोटी विवरं अशी दुय्यम आहेत. ती सरसकट मोजली तर वय उगाच वाढतं.

कॅलिस्टोवर नेमकं उलटं. ‘गॅलिलिओ’ यानाने जवळून पाहिलं, तेव्हा छोटी विवरं अपेक्षेपेक्षा कमी निघाली. त्याला मृत चंद्र म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. तिथला बर्फ वितळत नाही, थेट वाफ होऊन उडतो. विवरांचे काठ ढासळतात, मागे उरलेली काळी माती उतारावरून घसरते. उडालेली वाफ उंचवट्यांवर गोठते, म्हणून तिथली टेंगळं पांढरी चमकतात. युरोपचं ‘ज्यूस’ यान २०३१ मध्ये गुरूपाशी पोहोचल्यावर कॅलिस्टोजवळून २१ वेळा जाणार आहे. ही झीज किती वेगाने होते, ते तेव्हा नीट तपासता येईल.