बिनतारी संभाषणाची शिस्त : एका लष्करी प्रतिरूपण-खेळाच्या आधारे विवेचन

समोरासमोर बसून बोलणाऱ्या दोन माणसांना आपण किती साधनांचा उपयोग करीत आहोत याची जाणीव सहसा नसते. डोळ्यांची हालचाल, हाताचा निर्देश, श्वासाचा विराम, दोघांना एकाच वेळी दिसणारा परिसर, या सर्वांच्या आधारावर वाक्याला अर्थ येतो. ही साधने एकेक करून काढून घेतली तर भाषेचे काय होते, आणि उरलेल्या भाषेने माणसे आपला समाईक उद्योग कसा चालवितात, हा संभाषणाच्या अभ्यासकापुढील एक मूलभूत प्रश्न होय. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका अनपेक्षित क्षेत्राच्या आधारे करावयाचा आहे. ते क्षेत्र म्हणजे संगणकावर खेळला जाणारा लष्करी प्रतिरूपणाचा खेळ.

१. खेळ आणि त्यातील ध्वनी

प्राग येथील बोहीमिया इंटरॅक्टिव्ह या संस्थेने तयार केलेला 'ऑपरेशन फ्लॅशपॉइंट' हा खेळ २००१ साली प्रसिद्ध झाला. त्याच परंपरेतील 'आर्मा ३' हा खेळ २०१३ साली बाहेर आला. त्याची मुख्य रणभूमी 'अल्टिस' हे बेट असून ते एजियन समुद्रातील लेम्नोस या ग्रीक बेटावरून रचलेले आहे. त्याची भूमी सुमारे २७० चौरस किलोमीटर भरते. अनेक खेळाडू आपापल्या घरी बसून या भूमीवर एकत्र येतात व सेक्शन, प्लाटून अशा रचनेत कामगिरी पार पाडतात. या परंपरेतूनच 'व्हर्च्युअल बॅटलस्पेस' ही प्रत्यक्ष सैन्यांच्या शिक्षणासाठी वापरली जाणारी प्रणाली निर्माण झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मूळ खेळात खेळाडूंना बोलण्याची सोय आहेच. गटाची वाहिनी निवडली की बेटाच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू येतो. सोयीच्या दृष्टीने यात उणे काहीच नाही. असे असता खेळाडूंतील जाणत्या मंडळींनी ही सोय स्वतःहून मोडीत काढली. 'ॲडव्हान्स्ड कॉम्बॅट रेडिओ एन्व्हायर्नमेंट' आणि 'टास्क फोर्स ॲरोहेड रेडिओ' ही दोन पूरक आज्ञावल्यांची नावे या संदर्भात महत्त्वाची आहेत. 'टीमस्पीक' या संभाषणप्रणालीशी सांधा जुळवून त्या खेळाडूच्या आवाजावर बंधने घालतात. पहिलीचे सध्याचे रूप दुसऱ्या आवृत्तीचे आहे.

बंधने दोन प्रकारची आहेत. पहिले बंधन साध्या तोंडच्या बोलण्यावर. 'टास्क फोर्स ॲरोहेड रेडिओ'मध्ये कुजबूज सुमारे ५ मीटर, नेहमीचे बोलणे २० मीटर व ओरडणे ६० मीटर ऐकू जाते, असा मूळ हिशेब आहे. दुसरे बंधन बिनतारी यंत्रावर. प्रत्येक यंत्राला पल्ला आहे, ठरावीक कंप्रता आहेत, आणि मध्ये डोंगर आला की आवाज खरखरतो, तुटतो व अखेर नाहीसा होतो. बंधनांनी खेळ अवघड झाला. परंतु खेळाडूंच्या भाषेला जी शिस्त आली ती या बंधनांमुळेच आली, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट व्हावे.

२. डोंगर आणि तरंग

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झाले की ग्रहण होणारी शक्ती एक चतुर्थांश उरते. हा नियम सर्व तरंगांना सारखाच लागू आहे. अडथळ्याच्या बाबतीत मात्र तरंगलांबीप्रमाणे भेद पडतो. ३० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी १० मीटर असते; २४०० मेगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी अवघी साडेबारा सेंटिमीटर. लांब तरंग टेकडीच्या कडेवरून काही प्रमाणात वळून पलीकडे उतरतो. आखूड तरंग जवळजवळ सरळ रेषेत जातो व टेकडीपाशी अडतो.

यावरून यंत्रांची विभागणी ठरते. पहिल्या आज्ञावलीत सामान्य शिपायाजवळ 'पी. आर. सी. ३४३' हे छोटे यंत्र असते. प्रत्यक्षातील हे यंत्र २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालते व त्याचा पल्ला उघड्या जमिनीवर सुमारे ५०० मीटर धरला जातो. नायकांजवळ 'पी. आर. सी. १५२' यासारखे अधिक शक्तीचे हातयंत्र असते, आणि प्लाटूनच्या मुख्य केंद्राजवळ पाठीवर वाहून नेण्याचे मोठे यंत्र. म्हणजे कोणी कोणाशी बोलावे हे केवळ हुद्द्याने ठरत नाही. ते भूमी आणि तरंग मिळून ठरवितात. नकाशा वाचताना नायकाला शत्रूच्या जागेबरोबरच आपल्या आवाजाची वाटही वाचावी लागते.

३. पाळीचा प्रश्न

सॅक्स, शेग्लॉफ व जेफर्सन यांनी १९७४ साली 'लँग्वेज' या नियतकालिकात संभाषणातील पाळीविषयी एक सुप्रसिद्ध निबंध लिहिला. सामान्य संभाषणात बहुतेक वेळ एकच जण बोलतो, आणि एकाचे संपून दुसऱ्याचे सुरू होताना मध्ये फारसा खंड पडत नाही व फारसा गलबलाही होत नाही, असे त्यांनी दाखविले. हे शक्य होते, कारण ऐकणाऱ्याला समोरच्याचे वाक्य कोठे संपणार याचा अंदाज आधीच येतो, आणि अंदाज चुकला तर तो तत्काळ थांबू शकतो.

बिनतारी यंत्रावर हा दुसरा उपाय बंद होतो. ज्याने कळ दाबली आहे त्याला त्या वेळी त्या यंत्रावरून ऐकू येत नाही. दोघांनी एकाच वाहिनीवर एकदम कळ दाबली तर दोन्ही संदेश एकमेकांत मिसळून बिघडतात, आणि आपला संदेश बिघडला हे बोलणाऱ्या दोघांनाही कळत नाही. यास्तव पाळी देण्याची खूण शब्दांनीच करावी लागते. 'ओव्हर' म्हणजे 'माझे बोलणे झाले, तुमच्या उत्तराची वाट पाहतो'. 'आउट' म्हणजे 'माझे बोलणे झाले, उत्तर नको'. चित्रपटांत ऐकू येणारा 'ओव्हर अँड आउट' हा जोडशब्द म्हणूनच निरर्थक आहे; तो उत्तर मागतो आणि त्याच श्वासात नाकारतो. 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला, एवढेच. 'विल्को' म्हणजे मिळाला व त्याप्रमाणे करीन. पुन्हा सांगावयास सांगताना 'रिपीट' हा शब्द टाळतात, कारण तोफखान्याच्या परिभाषेत त्याचा अर्थ 'तोच मारा पुन्हा करा' असा आहे.

४. 'तिकडे' या शब्दाचा अंत

कार्ल ब्यूलर या भाषामीमांसकाने १९३४ सालच्या आपल्या ग्रंथात दर्शक शब्दांचा विचार केला आहे. 'मी', 'येथे', 'आता' या बिंदूवरून बोलणारा जग मोजतो, आणि ऐकणारा त्या बिंदूवर मनाने जाऊन उभा राहतो. समजा, टेकडीच्या माथ्यावरील खेळाडू ओरडला, 'तिकडे, झाडापाशी माणसे आहेत!' त्याच्या शेजारच्याला हे पुरेसे आहे. दरीतील दुसऱ्या सेक्शनला मात्र या वाक्यातून भीतीखेरीज काहीही पोहोचत नाही. त्यांच्या दृष्टीने 'तिकडे' ही जागाच अस्तित्वात नाही.

त्याच प्रसंगी शिकलेला खेळाडू असे बोलेल : 'ब्राव्हो, अल्फा बोलतो आहे. शत्रूचे पायदळ, सहा माणसे, चौकट शून्य-आठ-सात एक-चार-दोन, पूर्वेकडे जात आहेत. ओव्हर.' येथे बोलणाऱ्याचा बिंदू गळून पडला आहे आणि त्याच्या जागी नकाशाची चौकट आली आहे, जी सर्वांना समान आहे. सहा अंकी चौकटीने जागा १०० मीटरपर्यंत निश्चित होते. अर्थात या नेमकेपणाला किंमतही तितकीच आहे. तिन्ही अंकांच्या गटातील शेवटचा अंक एकाने चुकला तर जागा १०० मीटर सरकते. पहिला अंक एकाने चुकला तर १० किलोमीटर. तोफांचा मारा मागविताना या फरकाचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

म्हणून अंक सुटे उच्चारण्याचा नियम आहे. मराठी वाचकाला या नियमाचे मर्म विशेष जाणवेल. 'सत्तेचाळीस' म्हणताना आपण एकक आधी व दशक मागून उच्चारतो, लिहिताना मात्र ४ आधी व ७ मागून येतो. 'एकोणपन्नास' या शब्दातील पहिला भाग खरखरीत बुडाला तर कानावर 'पन्नास' पडतो. तोही शुद्ध अंकच असल्यामुळे चूक झाल्याची शंकादेखील येत नाही. 'चार-नऊ' असे सुटे म्हटले तर एक अंक बुडाल्याचे निदान ऐकणाऱ्याला कळते व तो पुन्हा विचारतो. इंग्रजीत 'फाइव्ह' व 'नाइन' यांचा स्वर एकच असल्यामुळे ९ साठी 'नायनर' असा उच्चार रूढ झाला. १९५६ साली आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीसाठी अंमलात आलेली 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही अक्षरमालाही याच हेतूने घडविली गेली. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेल्या उपपत्तीच्या परिभाषेत सांगावयाचे तर, गोंगाट जितका अधिक तितकी संदेशात पुनरुक्ती अधिक ठेवावी लागते. मात्र ती नेमकी कोठे ठेवावी यातच शहाणपण आहे.

५. दोन कानांचा नायक

छत्तीस खेळाडू एकाच वाहिनीवर आहेत असे समजा. चकमक उडाल्यावर पहिल्या मिनिटात प्रत्येकाला फक्त १० सेकंद बोलावयाचे झाले, तरी ३६० सेकंदांचे बोलणे ६० सेकंदांत बसवावे लागेल. हे अशक्य आहे. म्हणून वाहिन्यांची उतरंड करतात : सेक्शनची वाहिनी सेक्शनपुरती, आणि नायकांची वाहिनी केवळ नायकांची. प्रश्न सुटतो; पण त्याचा भार सेक्शनच्या नायकावर येऊन पडतो, कारण दोन्ही वाहिन्या ऐकणारा तो एकटाच. दोन्ही आज्ञावल्यांत एक यंत्र डाव्या कानात व दुसरे उजव्या कानात ऐकण्याची सोय आहे, आणि अनुभवी नायक ती वापरतात.

हीच रचना कॉलिन चेरी यांनी १९५३ साली प्रयोगशाळेत केली होती. एका कानातील वाचन शब्दशः म्हणत राहणाऱ्या माणसाला दुसऱ्या कानातील मजकुराचे जवळजवळ काहीच आठवत नाही, असे त्यांना आढळले. १९५९ साली मोरे यांनी पुढचा शोध लावला : दुर्लक्षित कानात स्वतःचे नाव आले तर काहींच्या ते लक्षात येते. या दोन निष्कर्षांच्या प्रकाशात संदेशाची सुरुवात पाहावी. ज्याला बोलवावयाचे त्याचे नाव आधी आणि बोलणाऱ्याचे नंतर, मग क्षणभर विराम व 'बोला' अशी परवानगी, आणि त्यानंतर मजकूर. व्यवहारात हा क्रम शिष्टाचारासारखा भासतो. वस्तुतः, व्यग्र मनाच्या दारावर थाप मारून ते उघडेपर्यंत थांबण्याची ही रीत आहे. मजकूर आधी सांगून नाव मागून घेणाऱ्याचा संदेश बंद दारावरच आपटतो.

६. मौनाची तयारी

येथवर बोलण्याचा विचार झाला. तथापि या खेळाची खरी कसोटी बोलणे खुंटते तेव्हा लागते. सेक्शन डोंगराच्या सोंडेपलीकडे उतरली की मुख्य केंद्राचा आवाज विरतो. नायक पडला तर त्याचे यंत्र त्याच्या देहाजवळच राहते. कोणीतरी सरपटत जाऊन ते घेतल्याशिवाय सेक्शनचा वरच्या वाहिनीशी संबंध जुळत नाही. मृत खेळाडू प्रेक्षक होतो आणि जिवंतांना काही सांगू शकत नाही. शत्रूने यंत्र हस्तगत केले तर तो आपले बोलणे ऐकू शकतो, ही शक्यताही 'टास्क फोर्स ॲरोहेड रेडिओ'मध्ये ठेवलेली आहे.

अशा वेळी जो संघ केवळ आज्ञांवर चालत आला तो जागच्या जागी थिजतो. जो संघ निघण्यापूर्वी एकत्र बसून कामगिरीचा हेतू, दुसऱ्या व तिसऱ्या नायकाचे नाव, संपर्क तुटल्यास गाठावयाची जागा आणि निरोप पुढे देण्यासाठी उंचवट्यावर ठेवावयाचा माणूस ठरवून घेतो, त्याचे काम चालू राहते. म्हणजे उत्तम संभाषण हे बव्हंशी यंत्र हाती घेण्यापूर्वीच झालेले असते. समाईक समज जितकी अधिक, तितके वाहिनीवरचे बोलणे कमी; आणि वाहिनी जितकी मोकळी, तितकी खऱ्या संकटाच्या हाकेला जागा अधिक.

या निष्कर्षाच्या मर्यादा उघड आहेत. खेळात मृत्यूचे भय नाही, पाठीवरचे ओझे नाही, रात्रीच्या जागरणाने जड झालेली जीभ नाही. खेळावरून युद्धाविषयी बोलणे धार्ष्ट्याचे ठरेल. भाषाव्यवहाराविषयी मात्र तो काही निश्चित सांगतो. येथे अभ्यासकाला हवे ते बंधन हवे तितके घट्ट वा सैल करता येते, आणि तीच माणसे, तीच भूमी, तीच कामगिरी ठेवून बोलण्यातील फरक टिपता येतो. मराठी भाषक खेळाडूंचा एखादा गट अशा परिस्थितीत अंक कसे उच्चारतो, पाळी कशी देतो, 'तिकडे' या शब्दाच्या जागी काय योजतो, हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा विषय आहे. पूर, भूकंप वा वणवा यांत साहाय्यास धावणाऱ्या पथकांनाही याच बंधनांत बोलावे लागते, आणि तेथे एका बुडालेल्या अंकाची किंमत खेळातल्याप्रमाणे पुन्हा डाव मांडून भरून काढता येत नाही.