गादीला साक्ष कोणाची?

लेखमाला : राजा, जादू आणि फितुरी – लेखांक ५

मागच्या लेखांकात आपण हळब्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि रिसबुडांची ‘मंजुघोषा’ यांच्या राज्यांतून फिरून आलो. मराठी कादंबरीच्या बाळपणातली ही अद्भुतरम्य दुनिया. तिथून निघताना एक प्रश्न शिल्लक राहिला होता : राजवाड्यातल्या भांडणाच्या गोष्टीत जादू लागतेच कशाला? विष आहे, फौज आहे, पैसा आहे, नाराज दीर आणि महत्त्वाकांक्षी राण्या आहेत. गोष्ट पुढे जायला एवढं पुरेसं नाही का?

पुरेसं नाही, कारण वारसाच्या गोष्टीतली खरी अडचण पुराव्याची असते. हे मूल कोणाचं, हे आईला ठाऊक आणि फार तर सुइणीला. दरबारातल्या शंभर माणसांनी त्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? माणसाची साक्ष विकत घेता येते, म्हणून गोष्टकार माणसापलीकडचा साक्षीदार उभा करतो. दगडात रुतलेली तलवार आर्थरच्याच हाताला येते आणि वाद मिटतो. जॉर्ज मार्टिनच्या कादंबऱ्यांत ड्रॅगन हे युद्धाचं हत्यार आहेत, तसे ते टार्गेरियन घराण्याचे साक्षीदारही आहेत. राजवंशाच्या गोष्टीत जादूचं पहिलं काम साक्ष देण्याचं, लढण्याचं नंतरचं.

मराठी मुलखात अशा साक्षीसाठी फार लांब जावं लागत नाही. बालाघाटाच्या डोंगरात तुळजापूर आहे.

तलवार देणारी देवी

तुळजापूरच्या नवरात्रात देवीच्या वेगवेगळ्या अलंकार महापूजा बांधतात. त्यांतली एक भवानी तलवार अलंकार महापूजा : देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे, असा देखावा. दर्शनाच्या रांगेतून पुढे आलेल्या माणसाला क्षणभर जे दिसतं, ते भक्तीचं चित्र आहेच, पण ते राज्यशास्त्राचंही चित्र आहे.

शहाजीराजे आदिलशाहीतले मोठे सरदार. वडिलांकडून मुलाला जहागीर मिळू शकत होती, राज्य नव्हे. शिवाजी महाराजांनी उभी केलेली गादी त्याआधी नव्हतीच. जी गादी नव्हती तिचा वारसा कोण देणार? बखरकार या प्रश्नाचं उत्तर देवीकडून देतो. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीत बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद अफझलखानाच्या स्वारीत तुळजापूरच्या भवानीची विटंबना झाल्याचं सांगतो, आणि मग भेटीआधी श्रीभवानी महाराजांना दर्शन देऊन यशाची ग्वाही देते. १६५९ सालची ही मोहीम बखरीत दोन सरदारांची झुंज राहत नाही. कुलदेवतेने आपला माणूस निवडला, अशी ती कहाणी होते.

तलवारीच्या पोलादाबद्दल वाद घालणारे पुष्कळ आहेत. साताऱ्याची कोणती, लंडनला गेलेली कोणती, पातं फिरंगी की देशी. कोल्हापूरच्या छत्रपतींची ‘जगदंबा’ तलवार १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सकडे गेली, ती परत आणण्याची मागणी आजही निघते. इतिहासाच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा आहे. गोष्टीच्या दृष्टीने मात्र पातं कुठल्या भट्टीत घडलं याला गौण स्थान आहे. ते कोणी हातात दिलं, याला महत्त्व.

याच देवळात चिंतामणी नावाचा एक गोल दगड आहे. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. दगड उजवीकडे वळला तर काम होणार, डावीकडे वळला तर नाही. महाराज मोहिमेला निघण्याआधी इथे कौल घेत, अशी आख्यायिका सांगतात. कादंबरीकाराला एवढा दगड मिळाला तर त्याने भविष्य सांगणारा म्हातारा जादूगार शोधत हिंडायचं कारण नाही.

साक्ष एकदा मिळाली की भागतं असंही नाही. ६ जून १६७४ ला गागाभट्टांच्या हातून वैदिक राज्याभिषेक झाला. अकरा दिवसांनी, १७ जूनला, जिजाबाई गेल्या. निश्चलपुरी गोसाव्याने आधीच्या विधीत उणिवा राहिल्याचं सांगितलं आणि २४ सप्टेंबरला तांत्रिक पद्धतीने दुसरा राज्याभिषेक झाला. एकाच राजाला एकाच वर्षी दोन परंपरांची ग्वाही लागली.

एक नातू, दोन शपथा

महाराजांच्या पश्चात गादीवरून जे झालं, त्यातलं एक प्रकरण कोणत्याही कल्पित कादंबरीला मागे टाकील असं आहे.

राजाराम महाराज १७०० साली वारले आणि ताराबाईंनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवून मोगलांशी झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये शाहू सुटून आले. चुलती-पुतण्याचं युद्ध झालं, सातारा शाहूंकडे गेला, ताराबाईंनी कोल्हापूरची गादी उभारली. १७१४ मध्ये सवत राजसबाईने तीही उलथवली आणि आपल्या मुलाला, संभाजीला, छत्रपती केलं. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत पडले. मुलगा पुढे वारला. ताराबाई कोल्हापुरातून साताऱ्याला आल्या, पण तिथेही नजरकैदेतच.

शाहू महाराजांना मुलगा नव्हता. त्यांच्या अखेरच्या दिवसांत सत्तरी ओलांडलेल्या ताराबाईंनी गुपित फोडलं : माझा एक नातू जिवंत आहे. सवतीच्या भीतीने जन्मतःच त्याला दूर लपवून वाढवलं. तोच रामराजा. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू वारले आणि लपवलेला राजपुत्र साताऱ्याच्या गादीवर आला.

शंका होतीच. ग्रँट डफने १८२६ च्या इतिहासात लिहिलं आहे की नागपूरकर रघूजी भोसल्यांनी पुरावा मागितला : ताराबाईंनी भाऊबंदांच्या देखत त्या मुलासोबत जेवावं आणि त्या अन्नावर हात ठेवून तो आपला नातू असल्याचं सांगावं. ताराबाई जेवल्या. रघूजींचं समाधान झालं.

वर्ष सरायच्या आत चित्र पालटलं. ताराबाईंना वाटलं होतं की नातवाच्या नावाने कारभार आपल्या हाती येईल. रामराजा पेशव्यांच्या बाजूला झुकला. नानासाहेब पेशव्यांना दूर कर, हे आजीचं म्हणणं त्याने मानलं नाही. २४ नोव्हेंबर १७५० ला तिने त्याला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. पुढे दोन वर्षं ओढाताण चालली. १४ सप्टेंबर १७५२ ला जेजुरीच्या खंडोबापुढे ताराबाई आणि पेशवे यांच्यात सलोख्याच्या आणाभाका झाल्या. तिथे ताराबाईंनी शपथेवर सांगितलं की रामराजा माझा नातू नव्हेच, तो तोतया आहे, गोंधळ्याचा पोर आहे.

अन्नावर एक शपथ, देवापुढे दुसरी. दोन्ही त्याच तोंडून.

गोंधळीच का?

ताराबाईंना दुसरी कोणतीही जात सांगता आली असती. त्यांनी गोंधळी निवडला, आणि तुळजापूर पाहिलेल्या माणसाला इथे ठेच लागते. संबळ आणि तुणतुणं घेऊन, दिवटी पाजळून देवीचं आख्यान लावणारा तो गोंधळी. लग्नानंतर घरात गोंधळ घातल्याशिवाय कुळाचार पुरा होत नाही, अशी मराठी घरं हजारो आहेत. गोंधळ्यांच्या दोन मुख्य शाखा : माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई. भोसल्यांची कुलदेवता ज्या देवळात, त्याच देवळाशी बांधलेला हा माणूस. घराण्याच्या देवीला गावोगावहून हाक मारून अंगणात आणतो तो.

म्हणजे जी देवी राजाला तलवार देते, तिचाच सेवेकरी राजा असू शकत नाही, हा त्या शपथेचा अर्थ. देवीची साक्ष हवी, पण देवीचा गाणारा गादीवर नको. जादूच्या मागे जातीची उतरंड उभी असते, हे इतकं उघडं करणारं दुसरं वाक्य त्या काळात सापडणं कठीण.

पुढचा भाग त्याहून बोलका आहे. खंडोबापुढे शपथ झाल्यावर रामराजा गादीवरून उतरायला हवा होता. तसं झालं नाही. पेशव्यांना कागदावर छत्रपतींचं नाव हवं होतं, मग तो खरा असो की खोटा. ताराबाई १७६१ मध्ये गेल्या, आणि रामराजा छत्रपती म्हणूनच १७७७ मध्ये वारला.

पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवणारा तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त मिळाला, ती हकीकत आपल्याला जास्त माहीत असते. त्या माणसाने स्वतःहून दुसऱ्याचं नाव घेतलं होतं. रामराजाने काहीच घेतलं नव्हतं. त्याला दुसऱ्याने नातू केलं आणि दुसऱ्यानेच नातवंडातून काढून टाकलं. त्याचं स्वतःचं म्हणणं काय होतं, हे विचारायची गरज कोणाला वाटली नाही. मराठीत या माणसावर एक मोठी कादंबरी व्हायला हवी, आणि ती त्याच्या कोठडीतून सुरू व्हावी.

लिहिणाऱ्याने यातून काय घ्यावं

अद्भुत कादंबरी लिहायला बसलेल्यांचा पहिला मोह असतो तो जादूला हत्यार करण्याचा : हातातून आग, आकाशातून वीज. त्याने लढाया रंगतात, गादीचा प्रश्न सुटत नाही. जादूला साक्षीदार करा आणि मग विचारा, हा साक्षीदार कोणाच्या ताब्यात आहे? तो फिरला तर काय होईल? तो गैरहजर असेल तर?

शेवटच्या प्रश्नासाठी तुळजापूरच सामग्री देतं. इथली मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, त्याला मंचकी निद्रा म्हणतात. नवरात्राआधीची घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीला सुरू होऊन अमावास्येपर्यंत चालते. आता कल्पना करा असं राज्य, जिथे देवी जागी असताना कोणालाही खोटी शपथ पचत नाही. कटवाले गादीला हात घालायला कोणते दिवस निवडतील? घटस्थापनेला देवी जागी होईल तेव्हा नवा राजा सिंहासनावर बसलेला असेल. मग देवी साक्ष देईल की झालेलं मान्य करील?

रामराजाच्या हकिकतीचं उत्तर कठोर आहे : सत्ता ज्याच्या हातात घट्ट असते, त्याला साक्षीची गरजच उरत नाही. अद्भुत कादंबरीच्या शेवटी जगातली जादू ओसरते, असं पुष्कळदा दाखवतात. आपल्याकडे ती ओसरली ती जेजुरीच्या शपथेनंतर काहीही बदललं नाही, तेव्हा.

पुढच्या लेखांकात फितुरी. ऑक्टोबर १७०७, खेडची लढाई : ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव शाहूंना जाऊन मिळतात. धनाजींच्या बाजूने पाहिलं तर ती फितुरी होती की खऱ्या वारसाशी इमान, आणि चांगल्या कादंबरीतला फितूर स्वतःला फितूर का समजत नाही, हे तिथे पाहू.