घंटागाडी आली नाही तर

एकोडीसारख्या धानाच्या गावात उंदराला शेतात दाणा मिळतो, घरात पोते मिळते. दाराशी कचरा साचला की तिसरे ताटही वाढले जाते. पण कचरा सगळा सारखा नसतो. कागद, बाटल्या आठवडाभर पडून राहिल्या तरी उंदराचे पोट भरत नाही. ते भरते शिळ्या भातावर आणि माशांच्या काट्यांवर. म्हणून गाडी येवो न येवो, ओले वेगळे काढून घट्ट झाकणाच्या पिंपात माती-पाचोळ्याच्या थरांखाली कुजवायला हवे. विष सोपे वाटते खरे; पण मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सात-आठ पिल्ले, आणि अन्न तेवढेच राहिले तर मेलेल्यांची जागा लवकरच भरते. विष खाल्लेला उंदीर गिळून घुबड मरू शकते, म्हणजे धानाचा राखणदारच जातो.

'कचरा उचलणे हे आमचे काम नाही,' हा आक्षेप रास्त आहे. १९९४ मध्ये प्लेगने हादरलेली सुरत पुढच्या दोन वर्षांत पालटली, ती आयुक्त एस. आर. राव यांच्या प्रशासनाने रोजच्या सफाईचा आग्रह धरल्यामुळे. तो आग्रह ग्रामपंचायतीकडे धरावाच. मात्र ठराव होईपर्यंत उंदीर थांबत नाही. आजचे खरकटे आज रात्रीच झाकावे लागते.