‘एल’ म्हणजे किती सेंटिमीटर?

सायकलच्या शॉर्ट्सवर ‘एल’ छापलेले असते, तेव्हा त्या अक्षराचा सेंटिमीटरमध्ये अर्थ काय? ठरलेला असा काहीच नाही. जोतिबाच्या नाहीतर पन्हाळ्याच्या चढाला पहाटे सायकली घालणाऱ्या कोल्हापूरकरांपैकी अनेकांना हे ठाऊक आहे. एका कंपनीची ‘एम’ नीट बसते, दुसरीची ‘एल’ मांडीत अडकते, आणि इटालियन बेताचे कपडे घ्यायचे तर एकदोन साइज वरचे मागवावे लागतात. न बसलेला कपडा परत पाठवताना माणूस बहुधा स्वतःच्या शरीराला दोष देतो. हे चुकीचे आहे. एका अक्षरात शरीर मावते, हे गृहीतकच मुळात खोटे आहे; त्यामुळे अक्षरे कितीही सुधारली तरी प्रश्न सुटणार नाही. कपड्यावर सेंटिमीटर छापले तर मात्र बराचसा सुटेल.

लायक्रा ताणतो की, मग माप थोडे चुकले तर बिघडले कुठे, असा आक्षेप लगेच येईल. तो रास्त वाटतो, पण ताणाचा हिशेब मांडला की टिकत नाही. शिंप्याकडे पँट शिवायला टाकली की तो उंची, कंबर, सीट, मांडी, बॉटम अशी मापे घेतो आणि विचारतो, लूज किती ठेवू? उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेले कापड फारसे ताणत नाही, म्हणून उठता-बसता यावे यासाठी ते अंगापेक्षा जास्त ठेवावे लागते. १९५८ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी मूळ लांबीच्या पाचपटीहून अधिक ताणूनही जागेवर परतणारा धागा, म्हणजेच लायक्रा, तयार केला आणि हा हिशेब उलटला. सायकलचा कपडा अंगापेक्षा लहान बेततात. इथे लूज उणे असतो. समजा, शॉर्ट्सच्या मांडीचा घेर ४८ सेंटिमीटर आहे. ज्याची मांडी ५२ सेंटिमीटर, त्याच्या अंगावर कापड साधारण ८ टक्के ताणेल. कंबर तेवढीच पण मांडी ६० सेंटिमीटर असणाऱ्याच्या अंगावर ते २५ टक्के ताणेल, म्हणजे तिप्पट. त्यात लाप्लासचा नियम येतो. द्रवाच्या पृष्ठभागाचा विचार करताना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुढे आलेले हे सूत्र घट्ट कपड्याला किती चपखल लागू पडते, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही. नळीसारख्या गोलाकार भागावर ताणलेल्या आवरणाचा दाब म्हणजे ताण भागिले त्रिज्या. मांडीची त्रिज्या कंबरेपेक्षा कमी, म्हणून कंबरेला सुखावणारा ताण मांडीला काचतो. वरची साइज घेतली की मांडी मोकळी होते, पण कंबर आणि सीट सैल पडतात आणि बैठकीच्या हाडांखाली राहायला हवे ते शॉर्ट्समधले पॅड सरकू लागते. मिनिटाला ८० वेळा पायडल फिरले तर तासाला ४,८०० वेळा कातडी घासली जाते. सायकलच्या सीटवरून उठायला लावणारे फोड येतात ते असे.

हे अक्षर ठरते कसे? कंपनी एका नमुना-शरीरावर कपडा बेतते आणि मग प्रत्येक साइजला कंबर इतकी, मांडी इतकी, लांबी इतकी अशी ठरलेली भर घालत वर-खाली जाते. माणसाचे सगळे अवयव एकाच ठरलेल्या हिशेबाने बरोबरीने वाढतात, असे यात धरलेले असते. कोल्हापुरात हे पटणार नाही. तालमीत बैठका मारून कमावलेली मांडी कंबरेच्या प्रमाणात राहत नाही. अमेरिकी हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने १९५० मध्ये ४,०६३ वैमानिकांची मापे तपासली. कपडे बेतण्याच्या दृष्टीने महत्त्वाची दहा मापे त्याने निवडली आणि प्रत्येक मापाच्या मधल्या ३० टक्क्यांत येणाऱ्याला ‘सरासरी’ मानले. दहाही मापांत सरासरी असलेला वैमानिक एकही निघाला नाही. नुसती तीन मापे घेतली तरी साडेतीन टक्क्यांहून कमी लोक उरत. हवाई दलाने सरासरी माणसासाठी विमानातली बैठक बनवण्याचा नाद सोडला आणि मागेपुढे सरकणाऱ्या बैठकी मागवल्या.

मापांच्या या इतिहासात इरावती कर्वे यांचे नाव घेतले जात नाही, ही मोठी उणीव आहे. मराठी वाचक त्यांना ‘युगान्त’मुळे ओळखतो, कॅलिपर आणि टेप घेऊन महाराष्ट्रभर हिंडलेल्या मानवशास्त्रज्ञ म्हणून फारसा ओळखत नाही. बर्लिनमध्ये कवटीच्या असमानतेवर पीएच.डी. करताना त्यांचे मार्गदर्शक होते वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे ऑयगेन फिशर. मापांनी गुरूंच्या मताला दुजोरा दिला नाही, आणि इरावतीबाईंनी तसे लिहिले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची मापे घेतली आणि १९५१ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह ती प्रसिद्ध केली. ही मापे उंची, डोके, नाक अशी होती. कपड्यांशी त्यांचा संबंध नव्हता. पण एकाच मोठ्या जातिनामाखाली येणारे समूह शरीराने एकसारखे असतीलच असे नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता. नाव एक म्हणून देह एक ठरत नाही. ‘एल’ या नावालाही नेमकी हीच कसोटी लावायला हवी.

आता आपल्याकडे भारतीय साइजतक्ता येतो आहे, मग प्रश्न मिटला, असे काही जण म्हणतील. केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने निफ्ट या फॅशन-संस्थेने सहा शहरांत, १५ ते ६५ वयोगटातल्या २५ हजारांहून अधिक लोकांचे त्रिमितीय स्कॅन करण्याचा ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. परक्या देहांवर बेतलेल्या तक्त्यांपेक्षा हे कितीतरी बरे आणि त्याचे स्वागतच आहे. पण तक्ता कितीही चांगला झाला तरी डॅनियल्सचा आकडा बदलत नाही. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे १५ हजार स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली गेली. त्यांवरून १९५८ मध्ये सरकारी साइजमानक आले, पण तेही १९८३ मध्ये मागे घेतले गेले. युरोपातले ईएन १३४०२ हे मानक मला अधिक शहाणपणाचे वाटते. त्यात शरीराचे छोटे चित्र काढून त्यावर सेंटिमीटर लिहिण्याची पद्धत सांगितली आहे. नुसत्या आकड्यांनी कापडाचा ताण कळत नाही, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच दोन गोष्टी छापाव्यात: कपडा किती कंबर आणि किती मांडीसाठी आहे, आणि न ताणता सपाट ठेवल्यावर तो स्वतः किती भरतो. बेतताना ही मापे कारखान्यात घ्यावीच लागतात. लेबलवर ती आणायला खर्च शाईचा तेवढा येईल. कोल्हापूर जिल्ह्यात क्लबांच्या आणि शर्यतींच्या जर्सी शिवणाऱ्यांनी याची सुरुवात करायला काहीच हरकत नाही.

तोवर एवढे करा. उभे राहून, टेप न आवळता, मांडीच्या सर्वांत जाड भागाचा घेर, कंबर आणि सीट मोजून लिहून ठेवा. अंगाला उत्तम बसणारी एखादी जुनी शॉर्ट्स असेल तर ती सपाट पसरून तिच्या मांडीची रुंदी मोजा आणि दुप्पट करा. नवी मागवण्याआधी विक्रेत्याला हाच आकडा विचारा, आणि तो सांगत नसेल तर खरेदी करू नका.